मॉरिशसला चार जोड्या

प्रवासाचे किस्से प्रवासाहून आल्यावर सांगायचे असतात. आमचे निघायच्या आधीच इतके साठलेत की, आता गेलो नाही तरी चालेल, असं आमचे गित्ते सर म्हणतात. घाटनांदूरच्या आमच्या शाळेतल्या चार शिक्षकांचं मॉरिशसला जायचं गेली दोन वर्षं चाललं आहे. नुसतं चाललं आहे. मधल्या सुट्टीत कुणी डबा उघडतं, कुणी विषय उघडतं, आणि आणखी एक किस्सा पदरात पडतो. लिहून ठेवले नाहीत तर जातील, म्हणून लिहिते आहे. शिवाय संध्याकाळी हल्ली मला वेळ असतो.

ठरवलं तेव्हा आम्ही चार जोड्या होतो. भूगोलाचे गित्ते सर आणि त्यांच्या मिसेस, गणिताच्या शिंदे मॅडम आणि त्यांचे मिस्टर, हिंदीच्या नसीम मॅडम आणि त्यांचे शौहर, मराठीची मी आणि हे. मग तीन जोड्या राहिल्या आणि मी राहिले. यादीत माझ्या नावापुढं एक प्रश्नचिन्ह आलं. ते मीच घातलेलं.

*

पहिला मुद्दा, देश कोणता. समुद्र असलाच पाहिजे यावर एकमत होतं, कारण आठातल्या पाच जणांनी समुद्र पाहिलेलाच नव्हता. गित्ते सरांनी टेबलावर नकाशा पसरला आणि श्रीलंकेवर बोट ठेवलं. जवळ आहे, हिरवी आहे, हत्ती आहेत. सगळ्यांना पटत आलं होतं. शिंदे मॅडम तेवढ्या गप्प होत्या.

शेवटी म्हणाल्या, "जायला माझी ना नाही. पण लंकेत राहून आलेल्या बाईला घरी आल्यावर काय काय विचारतात, ते आपण सगळ्यांनी वाचलंय."

सरांचं बोट नकाशावर पुढं सरकलं.

ते मालदीववर थांबलं. तिथं जमीन कमी आणि पाणीच जास्त, असं सरांनी सांगितल्यावर शिंदे मॅडमच्या मिस्टरांनी धीर दिला. त्या दिवशी ते मॅडमना न्यायला आले होते. पाण्याचं काही घेऊ नका, मी लहानपणापासून पोहतो, म्हणाले. कुठं, असं विचारल्यावर कळलं, शेतातल्या विहिरीत.

सर म्हणाले, "दाजी, विहिरीला चारी बाजूंनी काठ असतो."

असं करत करत मॉरिशस ठरलं.

*

पासपोर्टच्या ऑफिसात आम्ही आठही जण एकाच दिवशी गेलो. खिडकीतल्या साहेबांनी गित्ते सरांचा फॉर्म पाहिला, मग माझा, मग ह्यांचा, मग शिंदे मॅडमचा. चौथ्या फॉर्मला त्यांनी मान वर केली. चौघांचीही जन्मतारीख एक जून होती.

आमच्या पिढीला हे नवीन नाही. आईबापाला तारीख सांगता आली नाही की, नाव घालताना गुरुजी एक जून लिहून मोकळे व्हायचे. पण मागं रांग होती, आणि साहेब चारही फॉर्म पत्त्यासारखे मांडून बसले होते.

सर म्हणाले, "साहेब, आमच्याकडं माणूस जन्मतो घरी, पण तारीख शाळेत लागते."

साहेब हसले नाहीत. शिक्के मारता मारता हळूच म्हणाले, "माझी पण एक जूनच आहे."

बाहेर आल्यावर ह्यांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली. आपल्या सगळ्यांचा वाढदिवस आजच समजा, म्हणाले.

*

मग चौकशीला हवालदार आले. आधी गित्ते सरांकडं गेले. सरांनी पाणी दिलं, कागद दाखवले. हवालदारांनी सगळं तपासलं आणि विचारलं, "कावून चाललात?"

"फिरायला."

हवालदार जरा विचारात पडले. "फिरायला इथं कपिलधार हाय की."

सरांनी सांगितलं, समुद्र बघायचाय. तसं मग आधीच सांगायचं, फिरायला म्हटलं की संशय येतो, असं म्हणून त्यांनी सही केली.

ह्यांचा पासपोर्ट सगळ्यांच्या आधी आला. तोवर हे दवाखान्यात होते. मी पाकीट तसंच नेऊन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उघडून बराच वेळ स्वतःचा फोटो पाहिला. म्हणाले, "चोर दिसतोय मी. आत घेतील का तिकडं?"

त्याची पानं कोरीच राहिली. कपाटात आहे.

*

पुढं वर्षभर स्टाफरूममध्ये कुणी मॉरिशसचं नाव काढलं नाही. माणसं चांगली आहेत. मी आत गेले की एकदम परीक्षांविषयी बोलायला लागायची, उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावरसुद्धा.

ही कोंडी नसीम मॅडमनी फोडली. एके दिवशी त्या आपला डबा घेऊन माझ्या शेजारी बसल्या, अर्धी भाजी माझ्या डब्यात वाढली आणि म्हणाल्या, "तुमी न्हाई म्हनलात तर आमी बी न्हाई जानार, मॅडम. पन हमारे मियाँ दो बॅगा लेके बैठे हैं, उतना ध्यान में रखो."

मी म्हणाले, सासूबाईंना एकटं ठेवून कशी येऊ? सगळ्यांनी माना डोलावल्या. कारण खरं होतं. पण मला अडवत होतं ते दुसरंच. नवरा जाऊन दीड वर्ष होतंय आणि ही समुद्र बघायला निघाली, असं कुणी म्हणेल याची मला भीती होती. गावानं म्हटलं असतं तर एक वेळ सोसलं असतं. सासूबाईंनी म्हटलं असतं तर सोसलं नसतं. त्यांचा तो एकुलता एक मुलगा. म्हणून मी त्यांना विचारलंच नव्हतं. घरात हा विषय निघणार नाही, याची काळजी घेत होते. जायचं मात्र मला होतं. यादीतलं माझं नाव मी खोडलं नाही, पुढं फक्त प्रश्नचिन्ह घातलं, ते त्यामुळंच.

*

आमचे ट्रॅव्हल्सवाले म्हणजे अंबाजोगाईचे बाळूभाऊ. आजवर त्यांनी माणसं नेली ती काशीला, रामेश्वरला, तिरुपतीला. मॉरिशस म्हटल्यावर त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "दर्शन कोणतं हाय तिथं?"

दर्शन नाही, नुसतं फिरायचंय, हे ऐकून त्यांना आमची दया आली. तरी धीर देत म्हणाले, जेवणाची काळजी करू नका, आचारी आपला बरोबर राहील. शेगडी, पीठ, मसाला, सगळं घेऊन.

शिंदे मॅडमनी विचारलं, शेगडी विमानात घेतील का? बाळूभाऊ म्हणाले, सीटखाली बसती.

"आणि आचाऱ्याचा पासपोर्ट?"

बाळूभाऊ गडबडले नाहीत. "रेशन कार्ड हाय त्याचं."

त्यानंतर ते कुठंतरी जाऊन सगळं नीट शिकून आले, हे सांगायला हवं. आता ते 'चेक-इन' वगैरे म्हणतात. पण आचाऱ्याला वगळावं लागलं याची खंत त्यांच्या बोलण्यात अजून येते.

*

मॉरिशसला साडी नेसून पाण्यात उतरायचं का, यावर दोन आठवडे चर्चा झाली. शेवटी शिंदे मॅडमनी पँट आणि लांब कुर्ता घ्यायचं ठरवलं. पण एकदम परदेशात घालायला धीर होईना. मग सरावासाठी एका रविवारी आम्ही सगळे कपिलधारला गेलो. मलाही ओढून नेलं. धबधब्याला पाणी बेताचं होतं. मॅडम अर्धा तास गाडीतून उतरल्या नाहीत, आणि उतरल्यावर अर्धा तास बसल्या नाहीत.

येताना मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबलो. तिथं आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीचे वडील भेटले. एकेकाला नमस्कार करत टेबलाभोवती फिरले. शिंदे मॅडमपाशी आल्यावर नुसतीच मान हलवली आणि पुढं सरकले. मग सरांना विचारलं, "सगळे दिसताय. शिंदे मॅडम आल्या न्हाईत व्हय?"

मॅडमच्या हातातला पापड तसाच राहिला. त्यांचे मिस्टर म्हणाले, "तिचं डोकं दुखत होतं."

जाता जाता ते गृहस्थ माझ्यापाशी परत आले. "तुमी बी आलात. बरं केलंत," म्हणाले. बोलणं साधंच होतं. पण 'तुमी बी' यातला 'बी' घरी येईपर्यंत माझ्याबरोबर होता. दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्यावर मी ठरवून टाकलं, नाही म्हणायचं.

*

ते सांगायच्या आधीच, मागच्या रविवारी, बाळूभाऊ नावं पक्की करायला घरी आले. मी त्यांना दारातूनच वाटेला लावणार होते. पण सासूबाई पुढच्या खोलीत सूप घेऊन तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनी हाक मारून आत बसवलं आणि विचारलं, "कुठं नेतोस रं मानसं?"

"मॉरिशसला, मावशी."

"कोन्चा कारखाना?"

सासूबाईंनी निम्मं आयुष्य ऊस तोडला. आमच्या भागातून माणसं लांब निघाली की ती कोणत्या तरी साखर कारखान्यालाच जातात, हे त्यांचं गणित. बाळूभाऊंनी समजावलं, कारखाना नाही, दुसरा देश आहे, चारी बाजूंनी समुद्र आहे, शाळेतले सगळे फिरायला चाललेत. सासूबाईंनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

बाळूभाऊ माझ्याकडं वळले. खोल्या सगळ्या ट्विन शेअरिंग आहेत, तीन जोड्या होतात आणि एक सिंगल राहतो, सिंगलला हॉटेलवाले नाखूष असतात, तर तुमचं काय ते एकदा सांगा.

"शिंगल म्हंजी?" सासूबाईंनी विचारलं.

बाळूभाऊ शब्द शोधत होते. सापडला तो बोलून गेले. "अर्धा कोयता, मावशी."

आणि त्यांनी जीभ चावली. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. एकटं माणूस म्हणजे अर्धा. अर्ध्याला टोळीत घ्यायला कुणी मुकादम राजी नसतो. हे चार वर्षांचे असताना सासरे गेले, तेव्हापासून सासूबाई अर्धा कोयता होत्या. गावातल्या गोदाबाईंचंही तसंच झालेलं. दोघींनी एकमेकींशी जोडी लावली आणि सोळा हंगाम एक कोयता म्हणून काढले. ह्यांचं शिक्षण त्यातून झालं.

मी म्हणाले, "मी नाहीच म्हणणार होते, आई. तुम्हाला एकटीला टाकून कुठं जाऊ?"

"मला कशाला मधी घालतीस?" त्या सुपातून मान वर न करता म्हणाल्या. मग बाळूभाऊंना म्हणाल्या, "हिच्या नावाखाली माझं नाव लिही. दोन अर्ध्याचा एक हुतो."

"आई, विमानानं जायचंय."

"मग मी काय ट्रॉलीत बसून येते म्हनले का?"

बाळूभाऊंनी पेन काढलं. पण माणूस सरळ आहे, त्यांना राहवलं नाही. नंतर बोल लागायला नको म्हणून सांगून टाकलं, मावशी, तिथं बघायला बी ऊसच हाय, समुद्र सोडला तर जिकडं बघावं तिकडं ऊस.

सासूबाईंचा हात सुपात थांबला.

"तोडायचा न्हाई ना?"

"न्हाई."

"मग लिही. उबा ऊस बसून कदी बघितलाच न्हाई."