शिळं पाणी

पाणी शिळं कसं होतं, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. भात शिळा होतो, भाकरी शिळी होते. पण आमच्या वडगावात नळाला पाणी सुटलं, की बॅरलमधलं आधीच्या खेपेचं पाणी शिळं ठरतं आणि अख्खी गल्ली ते गटारात ओतते. उन्हाळ्यात आठ-आठ दिवस नळ कोरडा, आणि पाण्याच्या दिवशी गटार मात्र दुथडी भरून. शी! मला बघवत नाही.

माझ्या थोरल्या जावेला, म्हणजे आक्कांना, उलट माझीच शिसारी. तांदूळ धुतलेलं, कपडे खळबळलेलं पाणी मी न्हाणीत टबात साठवते. वर साबणाचा तवंग, केस, एखादं शीत. दिसायला घाणच ती, मी कुठं नाही म्हणते? पण त्याच पाण्यात आप्पांच्या चादरींचा पहिला मळ निघतो. आप्पा म्हणजे आमचे सासरे. उभा जन्म मागावर कापड विणण्यात गेला, आता खुबा मोडल्यापासून त्याच मागाशेजारी खाटेवर पडून आहेत. सगळं जागेवरच. ओलं लगेच काढून अंग पुसलं नाही, तर पाठीला जखमा होतील, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणून बॅरलमधलं चांगलं पाणी मी त्यांच्यासाठी राखून ठेवते.

गेल्या वैशाखात, पाण्याच्या दिवशी, मी सूत आणायला शहापूरला गेलते. परत येते तर बॅरल अंगणात पालथं आणि आक्का ते काथ्यानं घासतायत. पाणी सुटल्याची ओरड झाली तशी त्यांनी होतं नव्हतं ते ओतून टाकलेलं. नळ थोडा वेळ फुसफुसला, गटाराच्या वासाचं तांबडं पाणी थुंकला आणि बंद पडला. मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी मलाच सुनावलं, की आजारी माणसाच्या अंगाला शिळं पाणी लावणं त्यांना पटत नाही. शेजारी मागायचीही सोय नव्हती, त्यांनीही ओतलेलंच. घरात प्यायची एक कळशी तेवढी उरली. आमचं भांडण आप्पा आतून ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चादर बदलायला गेले. हात फिरवून बघितला, तर चादर कोरडी खडखडीत. आप्पांचे ओठ फुटलेले. सकाळी उशाशी ठेवलेला तांब्या काठोकाठ तसाच.

"आप्पा, पाणी प्याला न्हाईसा व्हय?"

"प्यालं की ओलं हुतंय. धुणार कशानं तुमी?"

माझ्यामागं आक्का दारात उभ्या होत्या. अंगणात ते घासून चकचकीत केलेलं रिकामं बॅरल दिसत होतं. त्याची मला इतकी किळस आली, की लाथ घालावीशी वाटली.

आप्पांनी तांब्या माझ्याकडं सरकवला.

"बॅरलात ओत जा. सकाळचंच हाय, अजून शिळं झालं न्हाय."

टोमणा नव्हता तो. आप्पा मनापासून सांगत होते.