आमच्या गावचं कोल्ड स्टोरेज

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, अम्मीपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की उगाच कारण शोधतेय? सांगायचंय, बस्स.

मी दुबईत एका ट्रेनिंग संस्थेत शिकवते. आफ्रिकेतल्या देशांचे सरकारी अधिकारी आमच्याकडे तीन आठवड्यांसाठी येतात, विकासाचं नियोजन शिकतात आणि जाताना आपापल्या जिल्ह्यासाठी एकेक योजना लिहून नेतात. मी रोज शारजाहून, अल मजाजच्या घरातून, ट्रॅफिकला शिव्या घालत तिथं पोचते. कोट चढवते, स्लाइड्स लावते, हुशारी सांगते. मी रत्नागिरीकडची, मासे सुकवणाऱ्या घरातली, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. माहीत होऊ दिलं नव्हतं म्हणा ना.

ग्रेसला मात्र सांगून बसले. ग्रेस मलावीची, तिथल्या मोठ्या तळ्याकाठच्या जिल्ह्यातली नियोजन अधिकारी. पहिल्याच आठवड्यात तिनं घरून आणलेल्या सुक्या माशांचा डबा पॅन्ट्रीत उघडला आणि सगळे नाक दाबून पळाले. मी नाही पळाले. अहो, पळणार कशी? तो वास म्हणजे आमचं अंगण! दोघींनी बोटं चाटून खाल्लं. मग रोजच. हसायची तर अशी, की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावायचं. इतक्या वर्षांत इथं मैत्रीण म्हणावं असं कुणी भेटलं असेल, तर ती.

तिची योजना साधी होती. मासे वाळूत न पसरता उंच मांडवांवर वाळवायचे, वर जाळी, पावसासाठी छप्पर. सांभाळायला बायकांचे गट. मला वाचतानाच पटली — अम्मी आयुष्यभर हेच तर मागत होती.

आमच्या डायरेक्टर साहेबांना नाही पटली. त्यांना फोटोत उठून दिसेल असं काहीतरी लागतं. भर वर्गात म्हणाले, यात कोल्ड स्टोरेज घाला, खलास. ग्रेस माझ्याकडे वळली. तू मासेवाल्या गावातली ना? तुमच्याकडे चालतं का असलं काही?

सगळ्यांच्या माना माझ्याकडे.

आता ऐका. आमच्या गावात कोल्ड स्टोरेज आहे. जेटीच्या वर, उद्घाटन वगैरे झालेलं. वीज टिकेना, मशीन दुरुस्त करायला कुणी येईना, पहिल्या वर्षातच कुलूप लागलं. आता त्याच्या सावलीत शेळ्या बसतात आणि समोर अम्मी वाळूत सुकट पसरते. हे सगळं मला माहीत होतं. आणि मी म्हणाले — हो तर! छान चाललंय. बायकांचं आयुष्यच बदललं.

का म्हणाले? साहेबांची भीती होती? होती, कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. पण खरं सांगू? आमचं गाव अजून वाळूतच बसलंय, हे त्या कोटातून म्हणायची मला लाज वाटली. अम्मीची लाज वाटली. इतकंच होतं ते. त्याच दुपारी नवी योजना मीच ग्रेसला लिहून दिली.

तिकडे मलावीत ते कोल्ड स्टोरेज उभं राहिलं. उद्घाटनाचे फोटो आले. मग एकेक करून मेसेज — डिझेल नाही, जनरेटर बंद, कुलूप. बायका पुन्हा वाळूवर. ग्रेसची बदली झाली, तळ्यापासून लांब कुठल्याशा कचेरीत. मला तिनं एकदाही बोल लावला नाही.

फार आठवण येते हो तिची. तिचे जुने व्हॉइस मेसेज, त्यातलं ते हसू ऐकत मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहते. लेक काच वाजवते, “ममा, आर यू ओके?” मी म्हणते, यल्ला, चल वर. पॅन्ट्रीत डबा उघडायची वेळ झाली की अजून दाराकडे बघते. कोण येणार आहे?

गेल्या महिन्यात तिचा मेसेज आला. कसल्याशा कामासाठी मुंबईला येतेय, दोन दिवस जास्तीचे काढलेत. मला तुझ्या गावी ने, म्हणते. तुमचं कोल्ड स्टोरेज बघायचंय, आमचं काय चुकलं ते तुझ्या अम्मीकडून समजून घ्यायचंय.

तिचं काहीच चुकलं नव्हतं. एवढं लिहायला एक ओळ पुरे. मेसेज मी वाचलाय, हे तिला तिकडे दिसतंय. ती ओळ मी अजून लिहिलेली नाही.