आईचे जैसलमेर

२०२० च्या फेब्रुवारीत आई आमच्याकडे आयर्लंडमधल्या स्वोर्ड्स गावी आली, ती उन्हाळ्यापुरती. पुण्यात तिच्या सोसायटीतल्या मैत्रिणींनी थंडीत जैसलमेरला जायचे ठरवले होते. त्याआधी आपल्याला परत पोचवायचे, एवढी एकच अट घालून ती विमानात बसली होती. आईने आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. थरचे वाळवंट तिने पिवळ्या खडूने फळ्यावर कितीदा काढले असेल. प्रत्यक्षात वाळू पाहिली ती फक्त कोकणातली. त्या वाळवंटात एक किल्ला आहे, किल्ल्यात राजवाडा आहे, देवळे आहेत आणि अजूनही माणसे तिथे राहून स्वयंपाक करतात, हे ती मुलांना सांगत असे. आता ते स्वतः जाऊन पाहायचे होते.

मार्चमध्ये सारे बंद झाले. पुढे घरापासून पाच किलोमीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळाली. त्या रिंगणात गावातला जुना किल्ला बसत होता. मी आईला रोज तिथपर्यंत फिरायला नेऊ लागलो. फाटकाला कुलूप असे. साडीवर माझे जुने टोपीचे जाकीट चढवलेली आई बाहेरूनच भिंत न्याहाळी.

"याला किल्ला म्हणतात? आमच्याकडे कुंपण म्हणतील."

तरी ती रोज येई. गुडघे चालते ठेवायला हवेत, म्हणे. घरातला जिनाही ती कारण नसताना चढे. वर जाऊन विसरलेले काहीतरी शोधल्यासारखे करी आणि खाली येई.

शरद ऋतूत भारतात थोडे मोकळे होऊ लागले. मैत्रिणींनी जानेवारीत जायचे पक्के केले. लंडनहून भारतात परतणाऱ्यांसाठी विमाने सुटत होती आणि एका विमानात आईला जागा मिळत होती. मी "बघू" म्हणालो. आमच्या घरात "नाही" म्हणण्याची रीत नाही. "बघू" म्हणण्याची आहे. मी वैद्यकीय उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. कुठे काय बिघडू शकते याचा आधीच विचार करणे हाच माझा व्यवसाय. विमानात संसर्ग होईल, लंडनला अडकेल, पुण्यात एकटी पडेल. यातले एकही कारण खोटे नव्हते. परंतु आई घरात असली की मला रात्री स्वस्थ झोप लागते, हे कारण मी कुणाला सांगितले नाही. माझे बघून होईपर्यंत ती जागा गेली.

एका संध्याकाळी आईच्या मैत्रिणीचा फोन आला. आवाज स्वयंपाकघरभर ऐकू येत होता.

"अगं, तुझ्या लेकाला सांग, आमचे गुडघे काही फ्रीजमध्ये ठेवलेले नाहीत. तुझ्यासाठी थांबतो आम्ही, पण पुढच्या थंडीपर्यंतच. मग फोटोलाच नमस्कार!"

आई हसली. मीही हसलो, आणि भांडी पुसत राहिलो.

जानेवारी आला. आयर्लंड पुन्हा बंद होते, आणि चार वाजताच अंधार पडत असे. ओल्या थंडीने आईचे गुडघे आखडले. किल्ल्यापर्यंतचे फिरणे आधी अर्ध्यावर आले, मग आमच्या घराच्या फाटकापाशीच थांबले. ज्या दिवसांत ती जैसलमेरला असणार होती, त्यातल्याच एका रविवारी मला एक कल्पना सुचली, आणि त्या वेळी ती मला मोठी प्रेमळ वाटली. मी टीव्हीवर जैसलमेरच्या किल्ल्याची लांबलचक चित्रफीत लावली, पडदे ओढले. बायकोने दाल-बाटी केली.

आई ताठ बसून पाहत होती. पडद्यावर जैन मंदिराचे दार आले तेव्हा तिने पायांतल्या सपाता काढल्या आणि बाजूला सरकवून ठेवल्या. नेमक्या त्याच क्षणी, कंटाळा येईल म्हणून, मी चित्र पुढे सरकवले. मंदिर संपले, बाजार आला.

"गेलं का देऊळ?" आईने विचारले.

"मागे घेतो."

"राहू दे." तिने सपाता पुन्हा पायांत चढवल्या. "छान होतं. आता जैसलमेर झालं असं मात्र समजू नकोस हं."

मला नेमके तसेच समजायचे होते. ते तिने ओळखले याची लाज मला आजही वाटते.

उन्हाळ्यात आईच्या लशीच्या दोन्ही मात्रा झाल्या. मैत्रिणींनी दिवाळीनंतरची तारीख कळवली. मी पुन्हा "बघू" म्हणणार होतो, पण जेवताना मुलगी मध्येच म्हणाली, "आजी इज ग्रँड, बाबा. यू आर द वन हू इज स्केअर्ड." ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठणठणीत.

आईला इंग्रजी कळते. तिने वरणाचे भांडे माझ्याकडे सरकवले. "तिकीट काढ. नाहीतर मी हिच्याकडून काढून घेते."

मी तिकीट काढले. विमानतळ घरापासून इतका जवळ की निरोपाची तयारी करण्याआधीच पोचलो. व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाला आई वाटेत काहीतरी विचारत होती; वळून पाहायचे ती विसरली.

डिसेंबरातल्या एका सकाळी, मी घरून काम करत असताना, तिचा फोन आला. पडद्यावर ऊन इतके होते की आधी तिचा चेहराच दिसेना. मग मागची पिवळी भिंत दिसली, कोरीव गवाक्षे दिसली आणि आईच्या मांडीवरचा पर्सांचा ढीग दिसला.

"रिक्षाने किल्ल्यातल्या चौकापर्यंत आले. बायका राजवाडा बघायला वर गेल्यात. पायऱ्या फार उंच आहेत रे. दोन चढले, मग गुडघा म्हणाला, बस. सगळ्यांच्या पर्सा सांभाळतेय."

"आणि देवळं?"

"तिथेही पायऱ्याच. बाहेरून हात जोडले."

मागून कुठूनतरी ढोलकीचा आवाज येत होता. विमानातली ती जागा मी घालवली तेव्हा तिचा गुडघा वाकत होता, एवढेच माझ्या मनात आले.

"आई, मी उशीर केला."

अशा वेळी आई "असू दे रे" म्हणते. माझ्या सगळ्या चुकांवर तिने आजवर तेच म्हटले आहे, आणि मी त्याचीच वाट पाहत होतो.

"हो," ती म्हणाली. "केलास."

तिचा आवाज रागाचा नव्हता. विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिले की ती ज्या आवाजात बोले, त्याच आवाजात ती हे बोलली. मग तिने फोन फिरवून मला चौक दाखवायला सुरुवात केली, सावकाश, काहीही न गाळता. आणि मी काम बाजूला सारून ते सारे पाहिले.