अंगणात मी घसरले नव्हते

“टिबियल प्लॅटू फ्रॅक्चर,” असं म्हणत बालाघाटच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. गुडघ्याखाली जे मोठं हाड असतं, त्याचा वरचा सपाट भाग म्हणजे प्लॅटू. मांडीचं हाड त्याच्यावर टेकतं आणि अंगाचं सगळं वजन तिथे येतं. माझा तो भाग चिरडला होता. ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागेल, तीन महिने पाय टेकवायचा नाही, असं त्यांनी सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, “चोट कैसे लगी?”

मी स्ट्रेचरवर होते. पाय मोडला होता, पण तोंड शाबूत होतं आणि शुद्धही होती. तरी प्रश्न विचारला माझ्या यजमानांना, आणि उत्तरही त्यांनीच दिलं. “आंगन में फिसल गई, साहब.” डॉक्टरांनी ते तसंच कागदावर उतरवलं. मी ते ऐकलं आणि गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले. कोणावर अशी वेळ आलीच, तर त्यांच्या उपयोगी पडेल.

खरं काय झालं ते आधी सांगते. आमच्या मुलीची, प्रणालीची सोयरीक किरनापूरच्या एका घरात जुळली होती. त्या दुपारी ती मंडळी लग्नाची तारीख काढायला आमच्याकडे लालबर्र्याला आली. जेवणं झाली, पुढच्या वर्षीची तारीख निघाली. आमच्याकडे सोयरे निघाले की घरच्या बाईने गाडीपर्यंत जावं, बरोबर काही बांधून द्यावं आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभं राहावं अशी रीत आहे. मी करंज्यांचा डबा डिक्कीत ठेवला, डिक्की लावली आणि गाडीमागेच पदर सावरत उभी राहिले. गाडी व्याही स्वतः चालवत होते. समोर ट्रॅक्टर आडवा होता म्हणून त्यांनी गाडी मागे घेतली. माझा डावा गुडघा बंपर आणि रस्त्याकडेचा विजेचा खांब यांच्यामध्ये सापडला.

त्यांनी मागे पाहिलं नाही की मी वेळेवर सरकले नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. माझं भांडण त्यावरून नाही.

त्याच गाडीत घालून मला बालाघाटला नेलं. मी मागच्या सीटवर प्रणालीच्या मांडीवर डोकं ठेवून कण्हत होते आणि पुढे दोन पुरुषांचा विचारविनिमय चालला होता. अपघात म्हटलं की दवाखाना पोलिसांना कळवतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. व्याही फार काही बोलले नाहीत. आमचेच यजमान म्हणाले, “सोयऱ्याचं नाव पोलिसात काहून न्यायचं? पोरीचं लगन हाये.” बालाघाट येईपर्यंत मी अंगणात घसरले होते.

ऑपरेशन चौथ्या दिवशी झालं. ओपन रिडक्शन अँड इंटर्नल फिक्सेशन, म्हणजे कातडी उघडून हाडाचे तुकडे जागेवर आणायचे आणि आतून पट्टी व स्क्रूने बांधायचे. सूज उतरेपर्यंत ते करत नाहीत, म्हणून तीन दिवस नुसती वाट पाहणं होतं. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी घाबरू नये, ते तीन दिवस थांबणं गरजेचं असतं. दुखतं मात्र फार. बेडपॅनसाठी कंबर उचलतानाही डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

नवव्या दिवशी घरी आले, आणि खरा छळ सुरू झाला. भेटायला येणारी प्रत्येक बाई मला चपलेवर व्याख्यान देऊन जायची. रबराची घाल, अंगण खरवडून घे, या वयात जरा बघून चालावं. एकदा विहीणबाई आल्या. चार बायकांसमोर चहा पिता पिता म्हणाल्या, तुमच्या अंगणातली फरशी गुळगुळीतच आहे, मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. गाडी मागे घेतली तेव्हा त्या पुढच्याच सीटवर बसलेल्या होत्या. मी किंचाळले तेव्हा आधी त्यांनीच मान वळवली होती.

मी अंगणवाडीत काम करते. आमच्याकडे जे रजिस्टरात नाही ते झालंच नाही. पोराचं वजन अर्धा किलो चुकीचं लिहिलं गेलं तरी वरून बोलणी बसतात. गावातल्या बायकांना मीच बजावून सांगते, दवाखान्यात खरं सांगा, कागद नीट वाचून घ्या. आणि माझ्या स्वतःच्या केसपेपरवर काय लिहिलं होतं, ते मी चार महिने उघडून पाहिलं नाही. आपलीच अक्कल अशी गहाण पडली की दुसऱ्याला काय बोलणार?

तीन महिन्यांनी पाय टेकवला, तर कळ थेट माथ्यात गेली. महिनाभर आणखी वाट पाहून आम्ही नागपूर गाठलं. तिथल्या वेटिंग रूममध्ये पाच तास बसलो. डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहिला. सीटी स्कॅन म्हणजे हाडाचे आडवे-उभे बारीक काप दाखवणारा फोटो. ते म्हणाले, नॉनयुनियन आहे, म्हणजे हाड जुळलेलं नाही आणि सांध्याची बाजू पुन्हा खचली आहे. कमरेचं हाड घेऊन तिथे भरावं लागेल, त्याला बोन ग्राफ्टिंग म्हणतात. ते लवकर केलं नाही तर पाय कायमचा वाकडा राहील.

मग त्यांनी बालाघाटचा केसपेपर वाचला, पुन्हा स्कॅनकडे पाहिलं आणि पहिल्यांदा कोणीतरी प्रश्न मला विचारला. “ताई, अंगणात घसरून असं सहसा मोडत नाही. याला आम्ही बंपर फ्रॅक्चर म्हणतो. गाडी होती ना?”

यजमान खिडकीबाहेर पाहू लागले. मी हो म्हटलं आणि मला रडू कोसळलं. दुखण्याने मी एवढी रडले नव्हते.

पुढचं ऑपरेशन आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. आमचं पंप दुरुस्तीचं छोटं दुकान, माझं मानधन, त्यात पहिल्या ऑपरेशनने घर धुऊन नेलेलं. नागपूरच्या डॉक्टरांनीच अपघाताच्या भरपाईसाठी क्लेम करायचं सुचवलं, म्हणून मी वॉकर घेऊन बालाघाटच्या कोर्टात एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी जे सांगितलं ते नीट वाचा, कारण मला ते सांगणारं कोणी वेळेवर भेटलं नाही.

त्या म्हणाल्या, “बाई, मोटार अपघाताच्या या कलमात चूक कोणाची हे इचारतच नाही. गाडीनं लागलं का आणि हाड मोडलं का, एवढंच इचारते.” याला नो-फॉल्ट म्हणतात. कायद्याने ठरवलेली रक्कम मिळते आणि ती गाडीची विमा कंपनी देते. व्याह्यांच्या खिशाला हात लागणार नव्हता. पोलिसात नोंद झाली असती तर फार तर त्यांना कोर्टाच्या काही फेऱ्या पडल्या असत्या. मात्र अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करायचा असतो. माझे पाच होऊन गेले होते. आणि माझ्या कागदात गाडीच नव्हती.

जिथे कायदासुद्धा कोणाला दोष देत नव्हता, तिथे माझ्या घरच्यांनी दोषी शोधून काढला होता, आणि तो मी होते. गुळगुळीत अंगण, बेफिकीर बाई.

वकीलबाईंना दोन गोष्टी हव्या होत्या. नागपूरच्या डॉक्टरांची चिठ्ठी, ती आठ दिवसांत आली. दुसरी, यजमानांनी शपथेवर सांगायचं की दवाखान्यात त्यांनीच खोटं लिहवून घेतलं. ते तयार होईनात. व्याह्यांनी तरी गाडीचं कबूल करावं म्हणून मी किरनापूरला फोन लावला. माझं सगळं ऐकून घेऊन व्याही शांतपणे म्हणाले, “दवाखान्यात जे लिवलं तेच खरं समजा, विहीणबाई. नाही त सोयरीक कायले करायची?”

ते मी जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं. यजमान म्हणाले, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, तू जरा दमानं घे. मी ताट सरकवलं. पण बोलली प्रणाली. घरात ती हिंदीच जास्त बोलते, त्या दिवशी मराठीत बोलली.

“बाबा, आईचा पाय त्याहीच्या गाडीखाली आला, तरी त्याहीचं तोंड उघडत नाही. उद्या त्या घरात मले काही झालं, त तुम्हाले काय सांगतीन? घसरली म्हणून?”

यजमान ताटावरून उठून हात धुवायला गेले. दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता ते माझ्याबरोबर बालाघाटला आले. पोलिसात जबाब झाला, शपथपत्र झालं, मुदतीला सहा दिवस उरले असताना अर्ज दाखल झाला. त्याच आठवड्यात किरनापूरहून निरोप आला की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही.

सुनावणीत विमा कंपनीचे वकील केसपेपर हलवत मला म्हणाले, “आप तब झूठ बोल रही थीं, या अब?” मी म्हटलं, “तेव्हा मी बोललीच नव्हती, साहेब. मले कोणी इचारलंच नाही.” मागच्या बाकावर यजमान मान खाली घालून बसले होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी सगळं सरळ सांगितलं, एकदाही अडखळले नाहीत.

निकाल आमच्या बाजूने लागला. दुसरं ऑपरेशन झालं, हाड जुळलं. मी अंगणवाडीत पुन्हा जाते, पण खाली मांडी घालता येत नाही, पोरं खुर्चीभोवती बसतात. नागपूरच्या डॉक्टरांचे उपकार जन्मभर फिटणार नाहीत, आणि माझ्या पोरीचे तर कोणत्या तोंडाने मानू? गावात म्हणतात, गुडघ्यापायी चांगलं स्थळ घालवलं. म्हणू देत.

तुम्ही स्ट्रेचरवर असाल आणि बोलता येत असेल, तर स्वतः बोला. शेजारचा माणूस कितीही आपला असो. नवऱ्याला माफ केलं का, असं बायका मला विचारतात. शपथेवर खरं बोलल्याबद्दल मी त्यांचे हात जोडून आभार मानले आहेत. माफीचं अजून ठरलेलं नाही.