न घाबरलेला बोकड

आमच्या घरात हात आधी उठतो, तोंड मागून उघडतं. बापाचं तसंच होतं, थोरल्या भावाचं तसंच आहे आणि मीही काही कमी नाही. म्हणूनच की काय, संशोधनाला मी विषयही तसलाच निवडला.

स्नायूच्या पेशीत फॉस्फेटेज नावाचं एन्झाइम असतं. पेशीला पेटवणारे फॉस्फेट उपटून तिला थंड करायचं, हे त्याचं काम. त्याला आवरणारं एक चिमुकलं प्रथिन असतं. जनावर घाबरलं की हे प्रथिन चवताळतं, एन्झाइमचं मानगूट धरतं आणि पेशी पेटलेलीच राहते. मला घाबरलेल्या आणि न घाबरलेल्या, दोन्ही जनावरांचे स्नायू हवे होते. पहिले कासा गावच्या बाजारात खाटकाकडे हवे तेवढे मिळत, तुकड्यातुकड्यात भीती ठासून भरलेली. न घाबरता मेलेलं जनावर मात्र कुठे मिळेना, आणि त्याच्याशिवाय माझं सगळं काम अर्धं.

मग भावाच्या नवसाचा बोकड आठवला. आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेला. आमच्याकडे नवसाच्या बोकडाच्या पाठीवर पाणी शिंपडतात. त्यानं आपणहून अंग झाडलं की देवानं तो घेतला. तोवर सुरा लावायचा नाही. एवढं निवांत मरण आणखी कुठे मिळणार? नमुना गोठवायला घेतलेला द्रव नायट्रोजनचा डबा सांभाळत मी चारोटीहून जीपनं आमच्या पाड्यावर पोचले.

बोकड अंग झाडेना. देवाचं करणारा भगत पाणी शिंपडत राहिला, ऊन चढलं, पाहुणे चुळबुळायला लागले. भावाचं डोकं फिरलं. त्यानं बोकडाचा कान पिळला आणि आत तांब्या पालथा केला. बोकड किंचाळत दाव्याला हिसके द्यायला लागला.

"झाडलं बघा!" भाऊ ओरडला.

"मान हलली, अंग नाय," भगत म्हणाला.

तशी भावानं बोकडाच्या बरगडीत लाथ घातली. माझ्या कामाची माती होताना दिसली आणि मी भावाची गचांडी धरली. त्यानं मला ढकललं. हाताशी आलेलं लाकूड मी त्याच्या खांद्यात हाणलं. त्यानं उलट्या हातानं माझा ओठ फोडला.

"चुलीत गेली तुझी लॅब!"

"चुलीत गेला तुझा नवस!"

पाहुण्यांनी ओढून आम्हाला लांब केलं.

"बोकडाला नका मारू," आई म्हणाली. "माझ्याकडं द्या."

ती त्याला घेऊन चिंचेखाली बसली, गळ्याखाली खाजवत राहिली. बऱ्याच वेळानं बोकड रवंथ करायला लागला. तिनंच पाणी शिंपडलं, आणि त्यानं सगळं अंग झाडलं. त्याची हनुवटी तिच्या तळहातात असतानाच भावानं एका घावात मान उडवली. आई कोपरापर्यंत रक्तानं माखली. मी मांडीचा तुकडा कापून डब्यात टाकला. ओठातलं रक्त गिळत होते, पण मला मनातून आनंद झाला होता.

नमुना तपासला तर प्रथिन शांत झोपलेलं, भीतीचा मागमूस नाही. आईला बरं वाटेल म्हणून मी मुद्दाम सांगायला घरी गेले. ती भांडी घासत होती.

"आई, तो जराही घाबरला नव्हता. शेवटपर्यंत."

तिचा हात थांबला. "म्हंजे मी हाय म्हणून?"

"हो."

"घाबरला असता तर बरं झालं असतं," आई म्हणाली.

त्यानंतर तिनं दारात शेळी बांधू दिलेली नाही.