दादाची शिकवणी

अमेरिकेतल्या शॉमबर्ग आणि आसपासच्या गावांतली निम्मी मराठी माणसं आज गाडी चालवतात ती आमच्या दादाच्या कृपेने, आणि आमच्या दादाने जन्मात कधी पायाने ब्रेक दाबलेला नाही. पोलिओने त्याचे दोन्ही पाय लहानपणीच निकामी केले. त्याच्या गाडीत स्टिअरिंगशेजारी एक दांडी आहे. पुढे ढकलली की ब्रेक, खाली दाबली की गॅस. पेडलं मात्र जागच्या जागी शाबूत आहेत, आणि ती फुकट जाऊ नयेत म्हणून आपण लोकांना गाडी शिकवतो, असं तो सांगतो. लग्न होऊन नुकत्याच आलेल्या मुली, मास्टर्स करायला आलेली पोरं, मुलाकडे राहायला आलेले रिटायर्ड काका, सगळे त्याचे विद्यार्थी. हा शेजारच्या सीटवर बसणार, आणि विद्यार्थ्याला उशीर झाला की कुबडी आडवी घालून स्वतः ब्रेक दाबणार. एकदा एका पोराने भर चौकात विचारलं, "काका, लेफ्ट घेऊ का?" दादा म्हणाला, "मला काय विचारतोस यार? समोरून ट्रक येतोय, त्याला विचार." मी मागच्या सीटवर डोळे मिटून देवाचं नाव घेत होते. घरी बसून काळजी करण्यापेक्षा गाडीत बसून केलेली बरी, म्हणून मी जायची.

मी त्याची धाकटी बहीण, आणि भित्री. दादा जिना चढू लागला की मी खाली हात पसरून उभी राहायची, उतरू लागला की त्याच्यापुढे उलटी उतरायची. हा वारसा आईकडून आलेला. दादा शिकायला एकटा अमेरिकेला निघाला तेव्हा आई आणि मी गळ्यात गळा घालून रडत होतो. तेवढ्या वेळात त्याने बॅगेचं वजन करून आईने कोंबलेली लोणच्याची बरणी बाहेर काढली. पुढे मीही लग्न होऊन इथेच आले आणि माझ्या भीतीला बर्फ हा नवा विषय मिळाला. दादा हिवाळ्यात कुबड्यांच्या टोकांना लोखंडी काटे लावतो आणि गोठलेल्या रस्त्यावरून खुशाल चालत जातो. तो पडत नाही. त्याला सावरायला मागून धावणारी मी पडते. एका जानेवारीत मी अशीच मनगट मोडून घेतलं आणि दादाच मला हॉस्पिटलात घेऊन गेला. वाटेत मी त्याला हळू चालव म्हणून सांगत होते.

त्याने नवी गाडी घेतली तेव्हा आम्ही चारी चाकांखाली लिंबं ठेवून, नारळ फोडून रीतसर पूजा केली. पण माझं समाधान होईना. मी आरशाला लिंबू-मिरचीही बांधून टाकली. थंडीत त्या लिंबाचा दगड झाला, गाडी एका खड्ड्यात आदळली, लिंबू काचेवर आपटलं आणि काच तडकली. "चिमे," दादा म्हणाला, "दृष्ट परवडली, पण तुझं लिंबू नको."

त्याच्या हाताखालून काही न शिकता बाहेर पडलेली मी एकटीच. लायसन्स मिळालं, पण किराणा दुकानाच्या पलीकडे मी कधी गेले नाही. हायवेचं नाव काढलं की मी किल्ली नवऱ्याच्या हातात द्यायची. आणि मग दादाच्या खांद्याचा स्नायूच फाटला. जन्मभर पायांचं काम खांद्यांनी केलेलं, त्यांनी तरी किती ओढायचं? डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनला पर्याय नाही. पण पोलिओने श्वासाचे स्नायूही दुबळे झालेत, भूल दिल्यावर श्वास आपला आपण परत सुरू होईल याची खात्री देता येत नाही. ते ऐकून मी खुर्चीला धरून बसले. दादाने विचारलं, "पार्किंग कुठल्या बाजूला आहे?"

माझा नवरा तेव्हा त्याच्या आजारी आईपाशी पुण्याला होता. दादाचे विद्यार्थी रांगेने फोन करू लागले, "काका, आम्ही ड्रॉप करतो." त्याने सगळ्यांना नको म्हटलं. "चिमी नेईल."

"अरे दादा, मला हायवे जमत नाही."

"जमेल. शेजारी मी आहे ना."

शेजारी तो आहे हीच तर माझी भीती होती. तरी रोज संध्याकाळी आम्ही मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊ लागलो. एक हात झोळीत, दुसऱ्या हातात कुबडी, असा तो माझ्या शेजारी बसायचा. मी रडत रडत रिव्हर्स घ्यायची.

ऑपरेशन पार पडलं. श्वासाने बराच वेळ आमची परीक्षा पाहिली, पण तो परतला. दादा घरी आला. गाडीची ती दांडी मात्र त्याच्या हातून कायमची सुटली. आता तो व्हीलचेअरमध्ये बसून नव्या पोरांना फोनवर लेन बदलायला शिकवतो, आणि खिडकीतून कोणाची गाडी जाताना दिसली की ती वळणाआड होईपर्यंत बघत राहतो. मला ते बघवत नाही.

पण मला सारखी आठवते ती हॉस्पिटलात जायची सकाळ. हायवे संपून आम्ही सिग्नलला थांबलो होतो. माझं लक्ष सहज दादाच्या हाताकडे गेलं. दाराची मूठ त्याने इतकी घट्ट धरली होती, की बोटं पांढरी पडली होती.

"माझ्या ड्रायव्हिंगची भीती वाटते का रे?"

"नाही. ऑपरेशनची वाटते."

"तुला कधीपासून भीती वाटायला लागली?"

"पहिल्यापासून. जिन्याची वाटायची, विमानाची वाटली, बर्फाची तर अजून वाटते. पण घरात आई घाबरायची, मग तू घाबरायला लागलीस. तिघांनीही घाबरून कसं चालेल? उठून दार उघडायला कोणीतरी नको का?" त्याने डोळे मिटून घेतले. "आज थोडा वेळ मी घाबरतो, चिमे. तू गाडी चालव."

मागून हॉर्न वाजला. मी गाडी पुढे काढली, आणि हॉस्पिटलच्या दारापर्यंत माझं घाबरायचं राहूनच गेलं.