शनिवारचा शेवटचा तास

प्राथमिक शाळेत नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या भुकटीसारखे ते अंगावर बसतात. घरी येऊन शर्ट झटकला तरी थोडे उरतातच. माझ्याकडचे बहुतेक किस्से एकाच तासाचे आहेत.

घाटनांदूरजवळच्या आमच्या छोट्या शाळेत मी गणित शिकवतो. माझी बायको, म्हणजे पोरांच्या मॅडम, तिथंच भाषा शिकवायची. शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास तिनं पोरांना वळण लावायला राखून ठेवला होता. मोठ्यांशी कसं बोलावं, पाहुण्याला पाणी कसं द्यावं, असलं सगळं.

त्या तासावर हेडमास्तरांचा डोळा! दर जूनला म्हणायचे, "मॅडम, स्कॉलरशिपची पोरं गणितात मार खातात. हा तास सरांना द्या."

"देते की. पण आधी सरांना माझ्या तासाला बसवा!"

तास वाचायचा. दर वर्षी जेमतेम.

*

एकदा तो तास एका बैलापायी जाणार होता. तिसरीतल्या सोन्याचे वडील सकाळीच ऑफिसात हजर.

"मॅडम, काय शिकवलं हो पोराला?"

"आपल्याहून मोठा असेल त्याला अहो म्हणायचं. का बरं?"

"आमचा बैल त्याच्याहून मोठा हाय! कालधरनं पोरगं गोठ्यात उभं ऱ्हाऊन म्हणतंय, 'अहो, जरा सरका.' अन् बैल काय सरकंना!"

हेडमास्तरांनी माझ्याकडं असं पाहिलं, की आता तास गणिताला आलाच.

ती शांतपणे म्हणाली, "बैलाला मी कुठं शिकवलंय? त्यालाही पाठवा शनिवारी."

*

चूक झाली तर समोरच्याच्या डोळ्यांत बघून माफी मागायची, हा एक धडा होता. त्यानंतरच्या सोमवारी चौथीतला गणेश शाळा भरायच्या आधीच तिच्यासमोर उभा.

"मॅडम, माफ करा."

"काय केलंस रे?"

"आजून कायच न्हाई. मधल्या सुट्टीत बाळ्याला हाणणार हाव."

*

सगळ्यांत मोठं संकट आलं ते तपासणीला आलेल्या साहेबांच्या रूपानं. हेडमास्तर त्यांना वाटेतच सांगत होते की हा एक तास गणिताकडं वळवायचा विचार आहे. साहेब मान डोलवत होते.

दोघं व्हरांड्यात आले तेव्हा पोरं खिचडीच्या ताटावर बसलेली. पोरं एका सुरात म्हणाली, "या जेवायला, साहेब!"

आपल्याकडं यावर काय म्हणतात ते साहेबांना ठाऊक होतं. "चालू द्या, चालू द्या," म्हणून ते पुढं निघाले. पण पोरांना एकदा विचारून सोडायचं नाही, आग्रह करायचा, असं शिकवलेलं. एकानंही घासाला हात लावला नाही. खिचडी गार व्हायला लागली. शेवटी साहेब पँट सावरत मांडी घालून बसले!

जेवण झालं, साहेब उठायला लागले, तर शेजारची आम्रपाली त्यांच्या ताटात वाकून म्हणाली, "मिरची टाकली तर चालतंय, साहेब. पण गाजर संपवावं लागतंय."

साहेबांनी गाजर संपवलं. जाताना हेडमास्तरांना म्हणाले, "तो तास राहू द्या." त्यांना गाजर आवडत नव्हतं, हे नंतर ड्रायव्हरकडून कळलं.

*

दिवाळीनंतर आमची निम्मी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. परत येतात तेव्हा पाढे विसरलेली असतात. माझे पाढे हं! तिचं काही विसरत नसत. एका वर्षी परतलेल्या टोळीतल्या एका बाईनंच सांगितलं.

"फडावर पाण्याचा टँकर आला, की आमच्या पोरीनं समद्यांची रांग लावली. मुकादम हंडा घिऊन मधीच घुसला, तर त्याला म्हणती, 'काका, तुमी मागं उभा ऱ्हावा.'"

"मग? चिडला असेल तो!"

"चिडतोय कशाला! आमी समद्या बाया हसाय लागलो. गेला गुमान मागं."

*

आणि हा माझ्यावरच शेकलेला. सहलीला एसटीनं बीडला निघालो होतो. गाडी खच्चून भरलेली. म्हाताऱ्या माणसाला जागा द्यायची, हे आदल्या शनिवारीच शिकवून झालेलं. धारूरचे एक धोतरवाले आजोबा चढले. गणेश टुणकन उठला. आजोबा बसणार, तेवढ्यात गणेशनं त्यांना आडवा हात घातला.

"तुमी थांबा, आजोबा. सर, तुमी बसा."

अख्खी एसटी हसली. मी पन्नाशीसुद्धा गाठलेली नव्हती! मी रागानं बायकोकडं पाहिलं, तर ती खिडकीकडं तोंड करून पदरानं डोळे पुसत होती.

"बसा हो," ती हसू आवरत म्हणाली, "माझा तास वाया घालवू नका."

आजोबांना बसवलं ते तिनं स्वतः उठून. मी बीडपर्यंत उभा राहिलो, केवळ तरुण दिसावं म्हणून.

*

गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात ती गेली. आजारपण फार लांबलं नाही.

हेडमास्तर घरी आले. हळूच म्हणाले, "तो तास तुम्ही घ्याल का, सर? गणित नको. मॅडमचाच."

"बंद करा," मी म्हणालो. "मला जमायचं नाही."

दोन दिवसांनी ते पोरांना घेऊन आले. पोरांनी बाहेर चपला ओळीत काढल्या, आत येऊन सतरंजीवर बसली. कुणी चुळबूळ केली नाही. थोड्या वेळानं हेडमास्तरांनी खूण केली तशी उठली, आणि सगळी एका सुरात म्हणाली,

"येतो, सर!"

कोपऱ्यात बसलेली माझी आत्या दचकलीच. "आरं देवा! असल्या घरून 'येतो' म्हणत नसतेत रे! मुकाट्यानं उठून जायचं असतंय."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. हेडमास्तरांनी त्यांना घाईघाईनं बाहेर काढलं. तिसरीतली रुक्मिणी तेवढी दारात थांबली.

"मुकाट्यानं का म्हनून जायचं, आजी? आमी येणार हाव की."

रुक्मिणी माझ्याकडं वळली.

"सर, शनिवारी शेवटचा तास हाय. तुमी बी या."

हेडमास्तर बाहेरून हाका मारत होते. पण विचारलं की उत्तर ऐकून घ्यावं, मधेच निघून जाऊ नये, असं तिला शिकवलेलं होतं. ती हलेना.

"येतो," मी म्हणालो.